सुरयांचा खोटा पत्ता

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की नणंद नगरपालिकेत नकाशे काढते आणि फारशी बोलत नाही. दोन्ही खरं निघालं. पक्ष्यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याखाली चिखलाने माखलेले बूट आणि ओट्यावर अर्धवट प्यायलेला चहा. मी घाबरून ह्यांना उठवलं, म्हटलं घरात कुणीतरी शिरलंय. हे कूस बदलत म्हणाले, "ताई आली असेल नदीवरून," आणि पुन्हा घोरायला लागले.

आज माझ्या नणंदेची पुस्तकं शाळांच्या कपाटांत आहेत, दवाखान्यांच्या बाकांवर आहेत, आणि ज्यांना कावळा सोडून दुसरा पक्षी ओळखता येत नाही त्यांच्याही उशाशी आहेत. लोक मला कौतुकाने विचारतात, एवढ्या मोठ्या लेखिकेबरोबर एका घरात राहायचं म्हणजे कसं असतं. कसं असणार? आमच्या घरात चांगल्या उजेडाची खिडकी एकच, आणि तिच्यावर माझं शिवणयंत्र आणि तिचा नकाशाचा फळा असे दोन दावेदार. ती कचेरीत गेली की खिडकी माझी, आली की तिची, आणि सुट्टीच्या दिवशी जो आधी उठेल त्याची. ती नेहमीच आधी उठे, पण नदीवर निघून जाई, त्यामुळे आमचं पटलं.

तिच्या कचेरीत मी एकदा डबा द्यायला गेले होते. नकाशा विभाग म्हणजे एक लांबट खोली, तिरकी टेबलं, उंच स्टुलं आणि शाईचा वास. शाई वाळेपर्यंत तिथे कुणी जोरात श्वाससुद्धा घेत नसे. रेष चुकली तर माझी नणंद ती ब्लेडने इतकी हलकेच खरवडायची की कागदालाही कळू नये. हा नेमकेपणा तिच्या हाडीमाशी खिळला होता. पाहुण्यांना आमच्या घराचा रस्ता सांगताना "पुढे जाऊन वळा" एवढ्यावर तिचं भागत नसे. दुसऱ्या गल्लीत शिरा, डाव्या हाताला हिरवं फाटक लागेल, त्याची कडी मोडलेली आहे, कडी धड असेल तर तुम्ही चुकलात. लोक हसायचे, पण चुकायचे नाहीत.

पक्ष्यांच्या नादाला ती लागली तीही नकाशापायीच. मोठ्या पुरानंतर नदीचा नकाशा नव्याने काढायचा होता. जुन्या पंपघराच्या खालच्या अंगाला पात्रात वाळूचं एक बेट वर आलं होतं. साहेबांनी सांगितलं, ते सोडून द्या, पुढच्या पुरात जाईल वाहून. पण जे आहे ते कागदावर नाही ही गोष्ट तिच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. ती मोजपट्टी घेऊन एकटीच बेटावर गेली आणि आभाळातून सरळ तिच्या डोक्यावर पक्षी कोसळायला लागले. ते सुरय होते. राखाडी पंख, काळी टोपी, पिवळी चोच आणि कात्रीने दुभंगल्यासारखी शेपटी. त्यांची अंडी उघड्या वाळूवर पडलेली होती, वाळूच्याच रंगाची. एका पक्ष्याने टाळक्यात चोच मारून तिला लेखिका केलं असं मी सगळ्यांना सांगते, आणि ती ते नाकारत नाही.

त्यानंतर ती हंगामभर बेटासमोरच्या काठावर पोटावर पडून असे. रविवारच्या पुरवणीसाठी लिहायला लागली ती ह्यांच्या आग्रहावरून. लेख झाला की मला वाचून दाखवायची. मी मशीन चालवत ऐकायची. मशीन थांबलं की वाक्य जमलं असं ती धरून चालायची. भर उन्हात सुरय नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, ती भाजू नयेत म्हणून, हे तिने पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याकडून एक बाही उलटी शिवली गेली. तिच्या लिहिण्यात उगाच गहिवर नसे. जे दिसलं ते ती सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं आपण इतकी वर्षं डोळे मिटून जगलो.

पहिला गाजलेला लेख त्या बेटावरचाच. आणि नकाशे काढणाऱ्या बाईने, स्वभावाला अनुसरून, शेवटी रस्ताही लिहिला. पंपघराच्या मागच्या भिंतीला लागून पायवाट आहे, ती तुटलेल्या पाइपापाशी सोडायची, तिथे पाणी गुडघाभरच आहे, समोर बेट. संपादकांना तोच भाग सगळ्यांत आवडला. वाचकाला हात धरून नेल्यासारखं वाटतं, असं त्यांनी मुद्दाम कळवलं.

पुढच्या सुट्टीला निम्मं शहर हात धरून गेलं. दंगा करणारं त्यात कुणी नव्हतं. आईवडील होते, पोरं होती, दुर्बिणी होत्या, सगळे एकमेकांना गप्प बसायला सांगत होते. वर पक्षी किंकाळत घिरट्या घालत होते आणि खाली माणसं माना वर करून त्यांचं कौतुक करत वाळूत फिरत होती. माझी नणंद थांबा थांबा म्हणत सगळीकडे धावली. एक बाई, कडेवर मूल, हातात तिच्याच लेखाचं कात्रण, तिच्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात विचारू लागली की अंडी कुठे आहेत, आम्हाला लांबूनच बघायची आहेत. ती बाई अंड्यांवरच उभी होती.

त्या दिवशी नणंद घरी आली ती थेट मोरीत जाऊन बूट धुवत बसली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, अगं. शिव्या तरी देता आल्या असत्या."

तिने कानाला खडा लावला. लिहिणं बंद करेल असं मला वाटलं होतं, पण तिने वेगळंच काढलं. पुढच्या लेखात सुरय तेच होते, त्यांची भांडणं, त्यांची पिल्लं, सगळं तेच. फक्त, गर्दीमुळे त्यांनी जागा बदलली असं तिने लिहिलं होतं, आणि ते बेट आता पंपघरापाशी नव्हतं. नदीच्या पार दुसऱ्या टोकाला बंद पडलेली विटभट्टी आहे, तिच्या वळणावर होतं. काळवंडलेलं धुराडं, बसायला सपाट खडक, समोर पाण्यात वाळूचा पट्टा, असं सगळं बारकाईने लिहिलेलं. माझं मशीन थांबलं. मी म्हटलं, पण ताई, तिथे तर नुसता दगडधोंडा आहे, एक पक्षी फिरकत नाही. ती म्हणाली, म्हणूनच. तिथे लोकांनी हवं तितकं चालावं, कुणाचं काही मोडत नाही. वाचकांच्या मनावर तिचा भरवसा होता, पायांवर नव्हता.

वर्षं गेली. लेखांची पुस्तकं झाली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर तिला दुसरा उद्योगच उरला नाही. त्या बेटासाठी तिने केलं नाही असं काही नाही. मासे धरणाऱ्यांच्या पाठी लागून लागून हंगामात तिकडे जाळी टाकणं बंद करवलं. त्यांच्यातला म्होरक्या आधी तिला बघून रस्ता बदलायचा, पुढे तोच कुत्री हाकलायला धावायचा. मुळात बोलणं कमी, तरी शाळांमधून बोलायला जायची. हे सगळं करताना ती बेटाचं नाव न घेता नुसतं "खालचं वळण" म्हणायची, आणि ज्यांना खरी जागा माहीत होती ते मूग गिळून होते.

आणि लोक विटभट्टीला जायचे. पत्रं यायची: आम्ही गेलो होतो, सुरय काही दिसले नाहीत, पण सकाळ छान गेली. एरवी ती प्रत्येक पत्राला उत्तर द्यायची. मुलांच्या पत्रांना तर चित्रं काढून द्यायची. या पत्रांना मात्र तिने कधी उत्तर दिलं नाही. ती वाचायची, घडी घालायची आणि पुष्कळ वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. मी चिडवायचे की ताई, निम्म्या शहराला गंडवलंत. तिला ते मुळीच आवडायचं नाही.

मग नौकाविहाराचं निघालं. नगरपालिका नदीवर धक्का बांधणार, होड्या सोडणार, आणि त्यासाठी पंपघराखालचं वाळूचं बेट खरवडून पात्र मोकळं करणार. कामाची सुरुवात नेमकी अंड्यांच्या हंगामात. माझ्या नणंदेने अर्जात सुरयांचं नाव न घेता हरकत नोंदवली आणि सुनावणीची तारीख लागली.

सभागृह भरून गेलं होतं, आणि बहुतेक गर्दी तिच्या वाचकांची. आमच्या बाई बोलणार म्हणून कौतुकाने आलेले लोक. मी तिच्या शेजारी बसले होते. नगरपालिकेच्या बाजूने एक तरुण सल्लागार उभा राहिला. मी मनात त्याच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केलीच होती, तर त्याने पिशवीतून काढली काय, तर हिचीच पुस्तकं. पानं दुमडलेली, कडा मळलेल्या. म्हणाला, मी या पुस्तकांवर वाढलो. बाईंचे पक्षी विटभट्टीच्या वळणावर आहेत हे मला लहानपणापासून माहीत आहे. धक्का खरं म्हणजे तिथेच सोयीचा होता. खडकाळ काठ, पाया पक्का, खर्चही कमी. पण सुरयांना धक्का लागू नये म्हणून मीच भांडून तो तिथून हलवला आणि पार पंपघरापाशी नेला.

मग त्याने विटभट्टीचा अख्खा परिच्छेद वाचून दाखवला, छान वाचला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नणंदेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने गप्प बसायचं ठरवलं असतं तर तिचं नाव शाबूत राहिलं असतं आणि बेट गेलं असतं. बोलली असती तर इतक्या वर्षांत कमावलेलं सगळं भर सभेत मातीत जाणार होतं. त्यातही बेट वाचेल याची काही खात्री नव्हती.

ती उठली. आवाज लहान होता, पण अडखळला नाही. म्हणाली, "विटभट्टीपाशी सुरय नाहीत. कधीच नव्हते. पुस्तकांत जागा मी खोटी लिहिली. ते पंपघराच्या बेटावर आहेत, आत्ताही अंडी आहेत."

सभागृहात आधी कुणाला कळलंच नाही. मग कुजबुज वाढत गेली. तो तरुण सल्लागार हातातल्या पुस्तकाकडे बघत खाली बसला. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, इतकी वर्षं खोटं लिहिलंत तर आज खरं सांगताय हे आम्ही कशावरून धरायचं? ती म्हणाली, धरू नका, येऊन बघा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करून निवृत्त झालेले, साधा सदरा, हातात दुर्बिणीचं जुनं कातडी खोकं. त्यांनी परवानगी मागितली नाही की आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी आणि माझी बायको दर हंगामात विटभट्टीला जायचो. पक्षी दिसले नाहीत की ती म्हणायची, आपलेच डोळे कच्चे. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाली. एवढंच सांगायचं होतं."

आणि ते बसले. त्या क्षणी मला माझ्या नणंदेचा राग आला, हे लिहायला हवं. आणि राग आला तरी तिचा हात मी घट्ट धरला होता, हेही.

अध्यक्षांनी निकाल दिला की जागेवर पाहणी होईल, आणि सुनावणी खुली असल्यामुळे पाहणीही खुली, ज्याला यायचं त्याने यावं. म्हणजे बेट वाचवायचं तर अंड्यांच्या हंगामात त्याच गर्दीला तिथे न्यायचं होतं. तेही चिडलेल्या गर्दीला. वर्तमानपत्राने तर लगेच खुलासा छापला आणि तिचं सदर बंद केलं. काहींनी पुस्तकं परत पाठवली, एकाने तर पोस्टेज आमच्याच माथी मारलं. तिने ती मुकाट्याने कपाटात लावली. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी माझ्याकडच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या फाडल्या, एकीला एक जोडल्या आणि काठावर, पाण्याच्या अलीकडेच, खुंट्यांना बांधून त्यांची दोरी केली. तिथून बेट नीट दिसतं. ती प्रत्येक खुंटीचं अंतर पुन्हा पुन्हा मोजत राहिली. गाठी मलाच मारायला लागल्या.

सकाळी माणसं आली. माझ्या अंदाजापेक्षा खूपच जास्त. पंपघराच्या भिंतीमागून एकामागून एक येत राहिली, आणि कुणीही तिला नमस्कार केला नाही. ती दोरीपाशी उभी होती. तिला सांगायचं होतं की यापुढे येऊ नका, पण ज्यांना आपण फसवलं त्यांना कुठल्या तोंडाने अडवणार? सगळ्यांत पुढे ते लिफ्टवाले काका होते. वाळू सुरू होते तिथे ते थांबले. वाकून बूट काढले. मग एकेक पाऊल, आधी जमीन न्याहाळायची आणि मग पाय टेकायचा, असे चालत आले. त्यांच्या मागच्या सगळ्यांनी तसंच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी चक्रावून बघत राहिले, आणि मग लक्षात आलं की हे तिच्याच पुस्तकांतलं आहे. वाळूवर चालण्याआधी काय करायचं ते तिने पानोपानी लिहिलं होतं. त्या बिचाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं विटभट्टीच्या दगडधोंड्यांवर गिरवलं होतं, जिथे जपायला काही नव्हतं. एकही पाय दोरीपुढे गेला नाही.

सुरय उठले नाहीत. लांबून दिसत होते, वाळूवर बसलेले, अधूनमधून एखादा नदीवर जाऊन पोट भिजवून परत येणारा. अध्यक्षांनी दुर्बीण लावून बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्यांनी तिथेच कारकुनाला सांगून टाकलं की धक्का पुन्हा विटभट्टीला न्या. तरुण सल्लागाराने मान हलवली. तो तिच्याशी बोलला नाही, पण जाताना दोरीची एक सैल गाठ घट्ट करून गेला.

सदर तिला पुन्हा मिळालं नाही. नंतर एक पुस्तक आलं, ते पूर्वीसारखं खपलं नाही. पण हंगामात दोरीपाशी आळीपाळीने माणसं बसतात. जाळी नाही, कुत्री नाही. पिल्लं उडेपर्यंत कुणी ना कुणी असतंच, आणि तिला तिथे रोज जायची आता गरज राहिलेली नाही. तरी ती जाते. कुठे काय आहे ते सगळ्यांना खरं सांगते, पहिल्यासारखं, कडी मोडलेल्या फाटकासकट.

पण त्या सकाळचं थोडं राहिलं. गर्दी पांगली तरी काका दोरीपाशीच होते. नणंद त्यांच्याजवळ गेली आणि माफी मागायला लागली. त्यांनी हाताने थांबवलं. दुर्बीण डोळ्यांवरून न काढता विचारलं, "तुम्ही लिहिलं होतं की नराने मासा आणला आणि तो लहान असला, की मादी तोंड फिरवते. तेही खोटं?"

"नाही हो," ती म्हणाली. "ते सगळं इथेच बघितलेलं आहे. जागा तेवढी खोटी."

काकांनी दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाले, "ते वाचल्यापासून मी बाजारातून काहीही आणलं की बायको तसं तोंड फिरवायची. आणि हसायची. मग तिने वाचलेलं खरं होतं म्हणायचं."

माझ्या नणंदेने मान हलवली. समोर बेटावर एक सुरय मासा घेऊन उतरला होता. काका दोरीच्या अलीकडे वाळूवर मांडी घालून बसले आणि त्यांनी दुर्बीण पुन्हा नीट केली.